बोल्ट कुणी काढायचे?

फ्रंट लोड वॉशिंग मशीन भिंतीपासून जरा पुढे ओढून मागे डोकावलं, तर पत्र्यात तीन किंवा चार गोल भोकं दिसतात. त्यांवर प्लास्टिकची टोपणं बसवलेली असतात. मशीन कारखान्यातून निघतं तेव्हा तिथे टोपणं नसतात, बोटापेक्षा लांब असे जाडजूड बोल्ट असतात. त्यांना ट्रान्झिट बोल्ट म्हणतात. त्यांचं काम एकच, प्रवासात आतला ड्रम हलू द्यायचा नाही. मशीन घरी पोचलं की पान्याने ते सोडवायचे, भोकांवर टोपणं दाबून बसवायची आणि बोल्ट जपून ठेवायचे. मॅन्युअलच्या पहिल्या काही पानांतच हे ठळक अक्षरांत, चित्रासकट छापलेलं असतं.

तरीही ते राहून जातात. आणि गंमत अशी की राहिले आहेत हे लगेच कळत नाही. पाणी भरतं, ड्रम सावकाश फिरायला लागतो, कपडे वर जातात, खाली आपटतात, काचेवर फेस दिसतो. घरातले सगळे कौतुकाने दोन मिनिटं समोर उभे राहतात आणि आपापल्या कामाला जातात. पाऊण तास सगळं सुरळीत. मग पिळायची वेळ येते. आधी एक घरघर, मग धडधड, मग खालच्या मजल्यावरचे लोक बेल वाजवतील असा आवाज. मशीन जागा सोडून पुढे सरकायला लागतं. मराठीतल्या ‘चालणे’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

असं एकदोनदा झालं तर मशीन बहुधा वाचतं. रोज होत राहिलं तर बेअरिंग जातं, आतलं काँक्रीट तडकतं, पत्रा वाकतो. (हो, काँक्रीट. त्याच्याकडे येतोच.) मग सर्व्हिसचा माणूस येतो, मशीनच्या मागे बघतो आणि विचारतो, “बोल्ट कुणी काढले नाहीत?”

प्रश्न साधा आहे, पण त्याला गेल्या नव्वद वर्षांत जगाने बरीच वेगवेगळी उत्तरं देऊन बघितली आहेत. त्यातली काही माणसं मेल्यावर सापडली.

आधी बोल्ट आले कुठून ते बघू. घरात वापरायचं पहिलं ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन अमेरिकेत १९३७ मध्ये बेंडिक्स या नावाने आलं. समोर गोल दार, आत आडवा ड्रम, आपोआप पाणी भरणं, धुणं, खंगाळणं, पिळणं. आजच्या फ्रंट लोडच्या शेजारी ठेवलं तर नातं लगेच ओळखू यावं. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. ड्रमला झुलायला जागा नव्हती. तो सांगाड्यात पक्का बसवलेला होता, त्यामुळे पिळताना मशीन खोलीभर फिरू नये म्हणून ते जमिनीलाच बोल्टने आवळावं लागे. म्हणजे बोल्ट पहिल्यापासून होतेच. पण ते बाहेर होते, डोळ्यांसमोर होते आणि कायमचे होते. ते काढायला विसरण्याचा प्रश्न नव्हता, कारण ते काढायचेच नव्हते.

जमिनीला का आवळावं लागे, याचं गणित कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं आहे. फिरणाऱ्या वस्तूचा बाहेरच्या दिशेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. धुताना ड्रम मिनिटाला साधारण ५० फेऱ्या घेतो, पिळताना समजा १,२००. वेग २४ पट झाला, पण जोर २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ पट. ड्रमचा व्यास ४८ सेंटीमीटर धरा आणि ओल्या जीन्सचा गोळा एका बाजूला साचल्यामुळे ३०० ग्रॅमचा असमतोल आहे असं धरा. १,२०० फेऱ्यांना तो ३०० ग्रॅमचा गोळा सुमारे ११५ किलो वजनाइतक्या जोराने ड्रमला बाहेर खेचतो. सेकंदाला वीस वेळा, दर वेळी फिरत्या दिशेने. एक धडधाकट माणूस यंत्राच्या आत बसून सेकंदाला वीस लाथा मारतोय असं समजा.

यावर जी युक्ती निघाली ती मला आजही फार आवडते. जोराशी भांडायचंच नाही. ड्रम ज्या टबमध्ये फिरतो तो अख्खा टब मोटरसकट स्प्रिंगांवर टांगायचा, खाली दोनतीन डॅम्पर लावायचे आणि टबला वीसेक किलोचं काँक्रीट बांधायचं. काँक्रीट अशासाठी की जड वस्तू आळशी असते, कुणी कितीही लाथा मारल्या तरी ती जागची फार हलत नाही. आता जीन्सच्या गोळ्याने खेचलं तर टब झोपाळ्यासारखा थोडासा डोलतो आणि बाहेरच्या पत्र्यापर्यंत, फरशीपर्यंत फार थोडा जोर पोचतो. जमिनीचे बोल्ट गेले. मशीन कुठेही ठेवता येऊ लागलं. फ्लॅटमध्ये, भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत.

पण झोपाळा घेऊन प्रवास करता येत नाही. स्प्रिंगांवर टांगलेलं इतकं वजन ट्रकमध्ये प्रत्येक खड्ड्याला आतून पत्र्यावर आदळलं, तर घरी पोचेपर्यंत स्प्रिंगा निखळलेल्या असतील. म्हणून प्रवासापुरता झोपाळा बांधून ठेवायचा. असे जमिनीतले बोल्ट मशीनच्या आत गेले आणि कायमचे होते ते तात्पुरते झाले. सगळी अडचण या ‘तात्पुरते’ मध्ये आहे. जी गोष्ट प्रवासात नसेल तर यंत्र मोडतं, तीच गोष्ट वापरताना असेल तर यंत्र मोडतं. मधल्या कुठल्यातरी एका क्षणी, कुणीतरी, तिचा अर्थ बदलला आहे हे लक्षात ठेवायचं असतं.

बेंडिक्स हे नाव मुळात विमानांचे भाग करणाऱ्या उद्योगाचं. आणि विमानांच्या जगात याच प्रकारची चूक, पहिलं बेंडिक्स मशीन येण्याच्या दोन वर्षं आधी, फार मोठी किंमत देऊन झाली होती.

३० ऑक्टोबर १९३५. अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन शहराजवळचं राइट फील्ड. लष्कराला नवं बॉम्बर विमान हवं होतं आणि बोइंगने मॉडेल २९९ आणलं होतं. प्रतिस्पर्ध्यांची विमानं दोन इंजिनांची, हे चार इंजिनांचं. ऑगस्टमध्ये ते सिएटलहून डेटनपर्यंत न थांबता आलं होतं. स्पर्धा जवळपास संपलेलीच मानली जात होती. त्या दिवशी चालवायला मेजर प्लॉयर हिल होते, लष्करातले अनुभवी टेस्ट पायलट. सोबत बोइंगचे मुख्य टेस्ट पायलट लेस्ली टॉवर.

उभ्या विमानाची शेपटीकडची हलणारी पाती वाऱ्याने आपटून खराब होऊ नयेत म्हणून त्यांना एक कुलूप असतं, त्याला गस्ट लॉक म्हणतात. मॉडेल २९९ मध्ये ते कॉकपिटमधूनच लावायची, काढायची सोय होती. त्या दिवशी ते काढलं गेलं नाही. विमान धावपट्टीवर नेताना काही जाणवलं नाही, कारण जमिनीवर त्या पात्यांचं विशेष काम नसतं. विमान धावलं, उचललं गेलं, नाक वर करून चढतच राहिलं. नाक खाली आणायची पाती कुलूपबंद. वेग तुटला, विमान कोसळलं आणि पेटलं. हिल त्याच दिवशी गेले, टॉवर काही दिवसांनी.

पाऊण तास शांतपणे धुणारं मशीन इथे आठवावं. बोल्ट असोत की गस्ट लॉक, ही कुलपं संथ वेगाला गप्प असतात. यंत्राची सुरुवातीची सगळी लक्षणं ‘ठीक आहे’ असंच सांगतात. बोलतात ती पूर्ण वेग आल्यावर, आणि विमानाच्या बाबतीत पूर्ण वेग आल्यावर थांबायला जागा नसते. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला सगळ्यात वाईट बग म्हणतो तो हाच, टेस्टिंगमध्ये हिरवा आणि खऱ्या लोडवर लाल.

लष्कराने डग्लस कंपनीच्या दोन इंजिनांच्या बी-१८ विमानांची मोठी ऑर्डर दिली. बोइंगकडून चाचणीपुरती तेरा विमानं घेतली. हे यंत्र एका माणसाच्या डोक्यात मावणारं नाही, असं तेव्हा बोललं जात होतं. यावर दोन उपाय दिसत होते, आणखी हुशार पायलट शोधा किंवा आहे त्यांना आणखी प्रशिक्षण द्या. पण हिल यांच्याहून अनुभवी माणूस आणणार कुठून? मग पायलटांनी वेगळंच केलं. उड्डाणाआधी, उड्डाणानंतर, उतरण्याआधी, उतरल्यावर काय काय बघायचं याच्या छोट्या याद्या केल्या. चेकलिस्ट. किराणा मालाच्या यादीइतकी साधी गोष्ट. ते विमान पुढे बी-१७ म्हणून ओळखलं गेलं आणि १२,७३१ बनवली गेली.

ही गोष्ट पुन्हा जगभर नेली ती एका मराठी आडनावाने. सर्जन आणि लेखक अतुल गावंडे, ज्यांचे वडील विदर्भातून अमेरिकेला गेले, त्यांनी ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकात मॉडेल २९९ चा अपघात सांगितला आहे. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी केली आणि जगातल्या आठ शहरांमधल्या आठ रुग्णालयांत वापरून बघितली. दिल्ली त्यातलं एक. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीतला एक मुद्दा म्हणजे शेवटी कापसाचे बोळे आणि हत्यारं मोजणे. पोटात आत राहिलेला बोळा हासुद्धा ट्रान्झिट बोल्टच. कामाच्या वेळी हवा, नंतर नको, आणि बाहेरून न दिसणारा.

यादीचं कौतुक इथवर ठीक आहे. पण यादी वाचायला माणूस लागतो. ३१ मे २०१४ च्या रात्री अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड इथे एक गल्फस्ट्रीम जी-४ हे खाजगी जेट धावपट्टीवरून उठलंच नाही. सातजण गेले. कारण, गस्ट लॉक. मॉडेल २९९ नंतर ७९ वर्षांनी, तेच. दोन्ही पायलट अनुभवी, दोघे कित्येक वर्षं एकत्र उडणारे. तपासात विमानातल्या नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा त्यांनी उड्डाणापूर्वीची कंट्रोलची पूर्ण तपासणी केलीच नव्हती. यादी होती, पाठही असणार. वाचायची सवय गेली होती.

त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. त्या विमानाच्या डिझाइनमध्ये विसरण्याची सोय केलेली होती. गस्ट लॉक लागलेलं असेल तर इंजिनांचे लिव्हर पुढे जाऊच नयेत, त्यामुळे पायलटला धावपट्टीवर पोचण्याआधीच कळावं, अशी कल्पना. कागदावर लिव्हर ६ अंशांच्या पुढे जायला नको होता. प्रत्यक्षात तो त्याच्या तीनचार पट जात होता आणि विमान विनातक्रार पळायला लागत होतं. म्हणजे यादी न वाचणारा माणूस आणि माणसाला अडवण्यात कमी पडणारं यंत्र, दोघंही एकाच वेळी. कॉकपिटमधल्या दोघांची चूक बातम्यांत लगेच दिसते. त्या ६ अंशांची चूक कुठल्यातरी ड्रॉइंगमध्ये आणि कुठल्यातरी मंजुरीच्या सहीत कित्येक वर्षं निवांत पडून होती.

दोष कुणावर जातो, याचं सगळ्यात कडू उदाहरण धुण्याशीच जोडलेलं आहे. मात्र तिथे धुतलं गेलं होतं ते विमान. २ ऑक्टोबर १९९६, पेरूची राजधानी लिमा. एरोपेरूचं बोइंग ७५७, उड्डाण क्रमांक ६०३, मध्यरात्री चिलीतल्या सँटियागोला निघालं. त्याआधी विमान धुऊन पॉलिश केलं होतं. धुताना पाणी शिरू नये म्हणून विमानाच्या अंगावरची बारीक छिद्रं चिकटपट्टीने बंद करतात. ही छिद्रं बाहेरच्या हवेचा दाब मोजतात आणि त्या दाबावरून विमानाला आपली उंची आणि वेग समजतो. धुणं झाल्यावर पट्टी काढायची. ती काढली गेली नाही.

जमिनीवर, अर्थातच, सगळं ठीक. उडाल्यावर उंचीचे आणि वेगाचे आकडे एकमेकांशी भांडायला लागले. पायलटने नियंत्रण कक्षाला उंची विचारली. कक्षाने पडद्यावर दिसली ती सांगितली, पण त्या पडद्यावरचा आकडासुद्धा विमानानेच पाठवलेला होता, त्याच बुजलेल्या छिद्रांतून मोजलेला. काळोखात, समुद्रावर, ७० माणसांनिशी ते विमान पाण्यात गेलं.

पट्टी चंदेरी होती आणि विमानाचा तो भागही चंदेरी, चकचकीत धातूचा. अशा कामाला डोळ्यांत भरणारा रंग वापरायचा असतो, कारण पट्टी लावणारा आणि ती काढली का हे बघणारा हे एकच नसतात. तिथे लावणारा कामगार होता, त्याच्यावर सुपरवायझर होते, नंतर विमानाभोवती फेरी मारणारा पायलट होता. इतक्या नजरांखालून चंदेरीवर चंदेरी निसटलं. खटला होऊन शेवटी दोषी ठरला तो देखभाल करणारा कामगार. त्याची चूक झाली होती, यात वाद नाही. पण पट्टीचा रंग त्याने ठरवला असेल असं मला वाटत नाही. विमानांच्या टोप्या, पिना, झाकणांना जी लांबलचक लाल फीत लटकलेली दिसते (आता ती कीचेन म्हणूनही मिळते) ती एका कामगाराने पुढच्या अनोळखी कामगारासाठी ठेवलेली चिठ्ठी असते. लिमात ती चिठ्ठी न दिसणाऱ्या शाईत लिहिली गेली.

आपल्याकडे घाटात चढावर बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावतात. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड रस्त्यात तसाच राहतो. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो सापडतो. चिठ्ठी न ठेवता मागे ठेवलेलं कुलूप, हेही.

विसराळूपणाकडे बघायची दुसरी रीत मला जपानमध्ये सापडते. १९६१ मध्ये शिगेओ शिंगो नावाचे इंजिनिअर यामादा इलेक्ट्रिक नावाच्या कारखान्यात गेले. तिथे एक लहान स्विच जोडायचं काम चाले. बटणाखाली दोन बारीक स्प्रिंगा बसवायच्या. कामगार कधीकधी एखादी स्प्रिंग बसवायला विसरत, तक्रार येई, बोलणी खावी लागत, काही दिवस सगळे जपून काम करत आणि पुन्हा तेच. शिंगोंनी कामगारांना काही सांगितलं नाही. एक छोटी बशी ठेवली. स्विच हातात घ्यायच्या आधी दोन स्प्रिंगा त्या बशीत काढायच्या, मग बसवायच्या. जोडून झाल्यावर बशीत स्प्रिंग उरली असेल तर काहीतरी राहिलं. बस.

अशा युक्त्यांना आधी ‘बाका-योके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख, म्हणजे ‘मूर्ख-रोधक’. १९६३ मध्ये एका कारखान्यात हे नाव ऐकून एका कामगार बाईला रडू आलं, मी काय इतकी मूर्ख आहे का, म्हणून. शिंगोंनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक. एका शब्दाचा फरक, पण त्यात दोष माणसावरून घटनेवर गेला. इंग्रजी मॅन्युअलवाल्यांनी आपला ‘फूलप्रूफ’ अजून बदललेला नाही.

आता पुन्हा मशीनच्या मागे या. बोल्ट चार, टोपणंही चार. मोजून. ही बशीच झाली की! टोपण बसतं ते बोल्ट निघाल्यावरच, त्यामुळे हातात टोपण उरलं तर मशीनमध्ये बोल्ट आहे. विचार चांगला आहे. पण बशी कामाच्या जागी लागते, आणि टोपणांची पिशवी असते मॅन्युअल आणि वॉरंटी कार्डाच्या गठ्ठ्यात, जो गठ्ठा ‘नंतर बघू’ म्हणून कपाटात जातो. स्प्रिंगांची बशी दुसऱ्या खोलीत ठेवल्यासारखं. मला विचाराल तर प्लगच शेवटच्या बोल्टला बांधून पाठवावा. बोल्ट सोडवल्याशिवाय वायर भिंतीपर्यंत पोचणारच नाही. आजकालची मशीन कपड्यांचा असमतोल ओळखतात, गोळा झाला तर पिळायचा वेग वाढवत नाहीत, कपडे पुन्हा पसरवून बघतात. इतकं ज्याला समजतं त्याच्यासाठी वायर बांधायला एक प्लास्टिकची पट्टी जास्त नाही.

कुलूप असं नाहीसं झाल्याचं उदाहरण आमच्या धंद्यात आहे. ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क हलवण्याआधी ‘पार्क’ करावी लागे. डिस्कच्या तबकडीवर केसाहून कमी अंतरावर वाचणारं हेड तरंगत असतं. धक्का बसला तर ते तबकडीवर आपटतं आणि तिथला डेटा गेला. म्हणून कॉम्प्युटर हलवायचा तर आधी ‘पार्क’ नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवायचा, तो हेडला तबकडीच्या सुरक्षित कोपऱ्यात नेऊन ठेवी, मग बंद करायचं, मग उचलायचं. लोक विसरत, हे सांगायला नकोच. पुढच्या पिढीच्या डिस्कमध्ये वीज गेली की तबकडी थांबता थांबता तिच्याच उरलेल्या फिरण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर हेड आपोआप कोपऱ्यात जाऊ लागलं. कुणाला काही लक्षात ठेवायची गरज उरली नाही. आज हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांनी ‘पार्क’ हा शब्द ऐकलेलाही नसेल, आणि ते त्या इंजिनिअरांचं यशच आहे.

वॉशिंग मशीनला तो दिवस अजून आलेला नाही. वीस किलो काँक्रीट आपोआप कोपऱ्यात जाऊन बसत नाही.

भारतात यावर जो उपाय निघाला तो बशीचाही नाही आणि यादीचाही नाही, माणसाचा आहे. भारतात फ्रंट लोड म्हटल्यावर जी नावं आठवतात त्यांतल्या आयएफबीचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे. तिथून निघालेलं मशीन चोर्ल्याने येवो की आंबोलीने, घाट आणि खड्डे चुकत नाहीत, आणि त्या प्रवासात हे बोल्ट आपली भाकरी पुरेपूर कमावतात. मशीन घरी आणणारे दोघं ते दारात ठेवून सही घेऊन जातात. त्यांना सक्त सूचना असते, खोका उघडायचा नाही. मग एकदोन दिवसांनी ‘डेमो’ला दुसरा माणूस येतो. पाठीवर सॅक, त्यात पाना, लेव्हल बघायची बाटली, नळाचे दोनतीन अडॅप्टर. तो बोल्ट काढतो, टोपणं लावतो, पाय वरखाली करून मशीन सरळ करतो आणि मग तुम्हाला कुठलं बटण कशाला ते सांगतो. आपल्याला वाटतं तो बटणं शिकवायला आला होता. त्याचं खरं काम मशीनच्या मागे, आपण चहा टाकायला आत गेलो तेव्हा, चार मिनिटांत होऊन गेलेलं असतं. चेकलिस्ट म्हणायची तर तो माणूसच. दिवसात अशी किती घरं करायची याचं टार्गेट त्याच्या मोबाइलवर असतं, आणि घाईत एक बोल्ट राहिला तर तक्रारीत नाव त्याचंच येतं.

शंका असेल तर तपासणं सोपं आहे. दार उघडून ड्रमच्या वरच्या कडेला तळहाताने दाबा. ड्रम झोपाळ्यासारखा खाली जाऊन वर आला तर बोल्ट निघालेले आहेत. ड्रम जागचा न हलता अख्खं मशीनच हललं तर प्लग काढा आणि मागे जाऊन बघा.

हा माणूस फक्त पहिल्या वेळी येतो. पुण्यात, मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांचं आयुष्य अकरा महिन्यांच्या कराराने मोजलं जातं. करार संपला, मालकाने भाडं वाढवलं, ऑफिस बदललं, की सामान टेम्पोत. आणि तेव्हा उलटं विसरणं सुरू होतं. आता बोल्ट परत लावायचे असतात. मॅन्युअलने जपून ठेवा म्हणून सांगितलेले ते चार बोल्ट एव्हाना कुठे असतात? माळ्यावरच्या खोक्यात, जुने चार्जर आणि दिवाळीच्या लाइटच्या माळांबरोबर. किंवा आईने आवराआवर करताना, हे कशाचे म्हणून विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून रद्दीबरोबर भंगारवाल्याकडे. पॅकर्सवाली पोरं ड्रममध्ये दोन उशा आणि एक चादर कोंबतात आणि चालतंय म्हणतात. पण ड्रम आतून भरल्याने टब टांगलेला राहायचा थांबत नाही, उशा ड्रमबरोबरच डोलतात. स्पेअर पार्टच्या दुकानात बोल्ट मिळतात, मॉडेल नंबर सांगावा लागतो, आणि मॉडेल नंबरचा स्टिकर मशीनच्या ज्या बाजूला आहे ती बाजू एव्हाना टेम्पोच्या भिंतीला टेकलेली असते.